कळशी टेकते ते हाड

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त घरातलंच आहे. मागच्या महिन्यात पाथर्डीला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. जेवणं उरकल्यावर मांडवात गप्पा चालल्या होत्या, तर नुकताच बारावी झालेला एक भाचा म्हणाला, "मामा, तुमचं काम बरंय पण. पेशंटला झोपवायचं, बटण दाबायचं, फोटो तयार!" सगळे हसले. मीही हसलो. तीस वर्षं एक्स-रे काढतोय, हे वाक्य मला नवीन नाही.

पण घरी येताना एसटीत तेच डोक्यात घोळत राहिलं. बटण तर मी दाबतोच. बटण दाबायला एक सेकंदसुद्धा लागत नाही. त्याच्या आधीची दोन-तीन मिनिटं कशात जातात, हे मात्र मी घरच्यांना कधी सांगितलेलं नाही. त्यातली एक गोष्ट तर कुणालाच सांगितलेली नाही. ती आज सांगतो.

आधी थोडं कामाबद्दल. रॉन्टजेनला क्ष-किरण सापडले ते 8 नोव्हेंबर 1895 ला, आणि त्याच वर्षी 22 डिसेंबरला त्याने बायकोच्या हाताचा फोटो काढला. बोटातल्या अंगठीसकट. तुम्ही तो कुठल्या ना कुठल्या पुस्तकात पाहिला असेल. मला नेहमी वाटतं, गडी हुशार होता, सुरुवात हातापासून केली. हात काचेवर ठेवला की कुठली वस्तू कुठे आहे ते डोळ्यांनाच दिसतं. पोटाचं, पाठीचं, खुब्याचं तसं नसतं. आत मूत्रपिंड कुठे आहे, तिसरा मणका कुठे आहे, हे बाहेरून दिसत नाही. आणि दिसत नसताना किरणांचा मध्य नेमका तिथे धरायचा असतो.

मग करायचं काय? तर शरीरावर काही हाडं अशी आहेत की ती कातडीच्या लगेच खाली असतात, बोटांना लागतात. त्यांना आमच्या भाषेत लँडमार्क म्हणतात. गावात पत्ता सांगताना आपण "मारुतीच्या देवळापासून उजवीकडे तिसरं घर" म्हणतो ना, तसंच. देऊळ दिसतं, त्यावरून घर काढायचं. मान खाली घातली की मानेच्या तळाशी जो ठळक उंचवटा लागतो, तो बहुतेकांत मानेचा सातवा मणका. गळ्याखाली, दोन हासळ्यांच्या मधे जो खळगा असतो, त्याच्या पातळीला पाठीचा दुसरा-तिसरा मणका. खांद्याच्या फऱ्याचं खालचं टोक म्हणजे साधारण सातवा मणका, आणि छातीचा फोटो काढताना मध्य तिथेच धरायचा. मोजून काढायचं तर मानेच्या त्या उंचवट्यापासून पुरुषांत साधारण 20 सेंटीमीटर खाली, बायकांत 18. बरगड्यांची खालची कड तिसऱ्या कमरेच्या मणक्याच्या आसपास. आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना जे रुंद हाड लागतं, त्याची वरची कड म्हणजे इलियॅक क्रेस्ट, चौथ्या मणक्याच्या पातळीला.

ही शेवटची कड आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं देऊळ. पोटाचा फोटो असो की कमरेचा, आधी तिथे जायचं आणि मग पुढे.

आता ती गोष्ट. 1990 नंतरची तीन-चार वर्षं गेली असतील. मी शिकाऊ होतो, आपल्याच जिल्ह्यात. कुठल्या दवाखान्यात ते महत्त्वाचं नाही. अजून फिल्मचे दिवस होते. अंधाऱ्या खोलीत डेव्हलपर आणि हायपोच्या टाक्या, हाताला सतत तो आंबट वास. माझं वय विसाच्या आतबाहेर.

हंगाम चालू होता. प्रवरा-मुळेच्या पट्ट्यातल्या कारखान्यांवर पाथर्डी-शेवगावकडून, बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरलेल्या. त्यातलीच एक बाई नवऱ्याबरोबर आली. कुशीत कळ येत होती, खाली जांघेपर्यंत उतरत होती. डॉक्टरांनी मुतखड्याची शंका धरून पोटाचा साधा फोटो लिहून दिला.

या फोटोत वर मूत्रपिंडं यायला हवीत आणि खाली ओटीपोटाचं पुढचं हाड, म्हणजे सिम्फायसिस, पूर्ण यायला हवं. का? कारण मूत्रपिंडातून निघालेला खडा खाली सरकत सरकत बऱ्याचदा अडकतो तो नळी मूत्राशयात शिरते तिथे. ती सगळ्यात अरुंद जागा, आणि ती पार खाली, ओटीपोटात. आमच्याकडे तेव्हा पंधरा बाय बाराची फिल्म वापरायचे. उंची पंधरा इंच, म्हणजे 38 सेंटीमीटर. वरचंही हवं आणि खालचंही हवं, तर चुकायला जागा फारशी नसते. मध्य इलियॅक क्रेस्टवर धरायचा आणि खालची कड सिम्फायसिसच्या खाली राहते की नाही ते बघायचं. पुस्तकात एका ओळीत आहे.

बाई टेबलावर झोपली. नऊवारी लुगडं, कमरेला घट्ट खोचलेलं, त्याचा जाड वेढा. तोंडावर पदर. माझ्याच वयाची असेल, फार तर दोन-चार वर्षांनी मोठी. नवरा दाराशी उभा. मला हात लावून हाड शोधायचं होतं. आणि माझा हात उचलेना.

लाज वाटली, दुसरं काही नाही. तिला काय वाटेल, नवऱ्याला काय वाटेल. मी अंदाज घेतला. कंबर दिसते आहे की, म्हटलं, लुगड्याच्या वेढ्यापाशी आत गेलीय, तीच पातळी. तिथे मध्य धरला, श्वास सोडून थांबायला सांगितलं आणि बटण दाबलं. (भाच्या, हे तुझ्या म्हणण्याप्रमाणे झालं बघ. झोपवलं आणि बटण दाबलं.)

कंबर म्हणजे कमरेचं हाड नव्हे. जिथे अंग सगळ्यात आत गेलेलं दिसतं, ती जागा हाडाच्या कडेच्या वर असते, चार-चार बोटं वर. मी मध्य वर धरला, त्यामुळे फोटो वर सरकला आणि खालचा भाग कापला गेला. मूत्रपिंडं छान आली. सिम्फायसिस आलंच नाही. ओपीडीत गर्दी होती. ओली फिल्मच कुणीतरी खिडकीकडे धरून पाहिली, खडा दिसत नाही म्हणाले, गोळ्या देऊन पाठवलं. बाई परत फडावर गेली.

दहा-बारा दिवसांनी ती आली ती तापाने फणफणलेली. थंडी वाजत होती, उलट्या चालू होत्या. या वेळी फोटो आमच्या सरांनी काढला. खाली, उजव्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. सरांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लाइटबॉक्सवर लावल्या. जुन्या फिल्ममध्ये तो ठिपका जिथे असायला हवा होता, तिथे फिल्मच संपत होती.

"ही पहिली कुणी काढली?"

"मी."

"सिम्फायसिस कुठंय?"

मी काही बोललो नाही. ते पण पुढे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

अडलेल्या लघवीत जंतू शिरले होते. तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं, तिथे ऑपरेशन झालं. वाचली. पण तिचा हंगाम गेला. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एक जण बसला की कोयता मोडला. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर राहते आणि पुढच्या हंगामात जाते. हे मला तिच्या नवऱ्याने सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही, सहज, बाकड्यावर बसून बिडी चुरगाळत. त्याला वाटत होतं पहिल्या वेळी खडा नव्हताच, नंतर झाला. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. तिलाही काही सांगितलं नाही. आजतागायत नाही.

आमच्या विभागात एक मावशी होत्या. पेशंटला आणायचं, टेबलावर घ्यायचं, कपडे बदलून द्यायचे, ही त्यांची कामं. सासू गावची दाई, त्यामुळे त्यांनीही पुष्कळ बाळंतपणं केलेली. त्यांनी माझं तोंड बघून ओळखलं असावं. दुपारी चहा देताना म्हणाल्या, "लाज तिला वाटत व्हती का तुला?"

मी म्हटलं, तिला वाटेल म्हणून..

"तिला इचारलंस का?"

नव्हतं विचारलं.

मग त्यांनी मला जे शिकवलं, ते मी तीस वर्षं वापरतोय. म्हणाल्या, पुढची बाई आली की तिला सांग, आक्का, कळशी जिथं टेकवता तिथं हात ठेवा. झालं. ती बरोबर ठेवते का नाही बघ.

पुढची बाई आली. मी सांगितलं. तिने क्षणभरही विचार न करता हात ठेवला, आणि तळव्याची कड बरोबर इलियॅक क्रेस्टवर! नंतर मी फक्त म्हणालो, "तिथलं हाड बोटाने बघतो हां, म्हणजे फोटो नीट येईल." ती म्हणाली, "बघ की बाबा." दोन्ही बाजूंना बोटांची टोकं ठेवली, दाबलं, कड लागली. दहा सेकंदांचं काम. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, कारण ते काय चाललंय हे आता आम्हा दोघांना ठाऊक होतं.

त्यानंतर मला छंदच लागला. पुस्तकातल्या प्रत्येक हाडासाठी माणसांच्या रोजच्या कामातली खूण शोधायची. मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा, ग्रेटर ट्रोकँटर, म्हणजे कुशीवर झोपलं की जमिनीला टोचतं ते. मानेचा सातवा मणका म्हणजे पोतं पाठीवर घेताना हमालाला रुततं ते. ज्याने त्याने आपापल्या अंगावर ही हाडं शोधून ठेवलेलीच असतात, नावं तेवढी माहीत नसतात. छातीच्या फोटोला हात कमरेवर ठेवून खांदे पुढे घ्यायला सांगतो, म्हणजे फरे फुप्फुसांवरून बाजूला होतात. तिथे मी सरळ सांगतो, "भांडायला उभं राहता ना, तसं." आजपर्यंत एकीलाही दोनदा सांगावं लागलेलं नाही. :)

सिम्फायसिसला मात्र हात लावायचा नाही, हे मी पुढे शिकलो. त्याची गरजच नसते. ट्रोकँटरचा तो बाहेरचा उंचवटा जवळपास त्याच पातळीला असतो. बाजूने तो चाचपला की खालची कड कुठे धरायची ते कळतं. म्हणजे पेशंटची लाज राखायची सोयही शरीरानेच करून ठेवलेली आहे. आधी माहीत असतं तर..

मावशींच्या बोटांचा विचार करताना मला जामखेड आठवतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे 1970 मध्ये आरोग्याचं काम सुरू केलं आणि गावोगावच्या, पुष्कळशा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे आपल्या नगर जिल्ह्यात बहुतेकांना ठाऊक असतं. (आता अहिल्यानगर. तोंडात अजून नगरच बसलंय, सवय व्हायला वेळ लागेल.) गरोदर बाई तपासताना जे बघतात ते काय असतं? गर्भाशय ओटीपोटाच्या हाडाच्या वर केव्हा लागतं, बेंबीपर्यंत केव्हा येतं, नऊ महिने भरत आले की छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाजवळ कसं पोचतं. हे तर माझ्या पुस्तकातलेच लँडमार्क! माझ्याकडे यंत्र होतं म्हणून मी हात लावायचा टाळू शकलो. त्यांच्याकडे हातच होते, त्यामुळे त्यांना हात लावायचं नीट शिकावं लागलं, आणि त्याआधी बोलायचंही.

मात्र पुस्तकातलं शरीर आणि टेबलावरचं शरीर यांत फरक असतो. बेंबीवर तर मी कधीच विसंबत नाही. ती मऊ भागावर असते, पोट सुटलं की सरकते, दोन-चार बाळंतपणांनंतर आणखी कुठे जाते. पाठीत पोक आलेल्या आजोबांना ते 18 आणि 20 सेंटीमीटरचे हिशोब लागू पडत नाहीत, तिथे फऱ्याचं टोक बोटांनी शोधावं लागतं. घरात पाय घसरून पडलेली आजी आली की खुब्याचा फोटो. एरवी त्यात पाऊल 15-20 अंश आत वळवायचं असतं, पण मोडल्याची शंका असेल तर त्या पायाला वळवायचं नाही, आहे तसाच घ्यायचा. अशा वेळी आजीच्या अंगावर हात फिरतो तेव्हा तिला कुठे दुखतंय हे बोटांना आधी कळतं आणि हात आपोआप हलका होतो. आणि वयात आलेली बाई असेल तर पाळी कधी आली होती ते विचारावंच लागतं, पोटात बाळ असलं तर किरण नकोत म्हणून. तेही आधी बोलणं झालं असेल तर सहज विचारता येतं.

कोविडमध्ये, 2020-21 ला, पलंगावरच छातीचे फोटो काढायचे होते. अंगात ते प्लॅस्टिकचं पोतडं, हातात दोन-दोन मोजे, चष्म्यावर वाफ. समोरच्या माणसाला माझा चेहरा दिसत नाही. तेव्हा गळ्याचा खळगा शोधायचा आणि तिथून आठ-दहा सेंटीमीटर खाली मध्य धरायचा, एवढंच हातात होतं. दोन मोज्यांतूनही तो खळगा लागायचा. बोट ठेवायच्या आधी मी मोठ्याने सांगायचो, "गळ्याला हात लावतोय हां काका." एक जण म्हणाले, "लावा. चार दिवसांत कुणी लावला नाही."

आता सगळं डिजिटल आहे. टाक्या गेल्या, वास गेला. फोटो काही सेकंदांत पडद्यावर. नवीन मुलं हुशार आहेत, यंत्र माझ्यापेक्षा भराभर चालवतात. पण एक सवय मला टोचते. हाड शोधायचा कंटाळा आला की किरणांचं क्षेत्र मोठं उघडायचं आणि नंतर पडद्यावर कडा कापून टाकायच्या. फोटो नेटका दिसतो. कापलेल्या भागावर किरण पडले ते पडलेच, लहान मूल असेल तर त्याच्या नको त्या भागावर. नाही जमलं तर परत काढायचा, फिल्मचे पैसे थोडेच जातात! त्यातच 2019 मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने पेशंटच्या जननेंद्रियांवर शिशाची पट्टी नेहमी ठेवायची जुनी रीत सोडून द्यावी असं सांगितलं. किरणांची मात्रा आता पुष्कळ कमी झालीय आणि पट्टी चुकीच्या जागी पडली तर पाहायचं तेच झाकलं जातं, म्हणून. मला ते पटतं. पण मग पेशंटच्या बचावासाठी आपल्या हातात मुख्य राहतं ते हेच: नेमकं ठिकाण शोधणं आणि तेवढंच उघडणं.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिला आठवडा बटणाला हात लावू देत नाही. एकमेकांच्या आणि स्वतःच्या अंगावर हाडं शोधायला लावतो. तुम्हीही आत्ता बघा, कमरेवर हात ठेवून. लागलं ना? परवा एक शिकाऊ मुलगी एका म्हातारीला म्हणाली, "आजी, कळशी ठेवता ना, तिथं हात ठेवा." आजी म्हणाल्या, "आता कुठली कळशी, नळ आलाय दारात." आणि म्हणता म्हणता हात ठेवला, बरोबर तिथेच.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाथर्डीकडून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. वर भांडीकुंडी, त्यावर बायका-पोरं. त्या दिसल्या की मला ती आठवते. आता साठीकडे झुकली असेल. समोर आली तरी मी ओळखणार नाही, कारण मी तिचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता. भेटली तर सांगेन की नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. इतक्या वर्षांनी सांगून तिला काय मिळणार, असं मनात येतं, आणि मग वाटतं, हेही मी परस्परच ठरवतोय. तिला न विचारता.

असो. मांडवात हे सगळं बोलता आलं नसतं. भाचा वाचेल अशी आशा आहे. आणि त्याच्या आईला डॉक्टरांनी मागच्या वर्षी लिहून दिलेला गुडघ्याचा एक्स-रे अजून काढलेला नाही, हे मला कळलंय. ताई, येऊन जा. वाटीचं खालचं टोक शोधून त्याच्या सव्वा सेंटीमीटर खाली मध्य धरायचा असतो. आधी सांगून मगच हात लावेन.